क्लोरीनची धार: बूंटनपासून घरच्या तलावापर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत पोहण्याचा तलाव कुठून आला? कर्जत-अलिबागकडच्या एखाद्या घरामागे छोटा तलाव आहे, मालक शनिवार-रविवार तेवढा येतो, मधले पाच दिवस पाण्यात क्लोरीन आपोआप पडत राहावा आणि खर्च बेताचा यावा, एवढीच अपेक्षा. हा प्रश्न प्लंबरचा, फार तर एखाद्या हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा. वरवर पाहता खरंच आहे. पण हाच प्रश्न १९०८ साली अमेरिकेत दोन लाखांहून जास्त वस्तीच्या एका शहरापुढे उभा होता आणि त्याचं उत्तर कोर्टात तपासलं गेलं. पुढे तोच प्रश्न नागपूरच्या एका संस्थेनं मातीच्या मडक्यानं सोडवला. तेव्हा आपण आधी ती वाट चालू आणि मग घरच्या तलावापाशी येऊ.

सुरुवातीला एक फरक नीट लक्षात घ्या, कारण सगळं त्यावर उभं आहे. पाण्यात औषध एकदा टाकणं वेगळं आणि सतत टाकत राहणं वेगळं. पहिला पाऊस झाला की ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या दिवशी पाण्याला वास येतो, घरात कुरकुर होते. दोन-तीन दिवसांनी वास जातो आणि कुरकुरही थांबते. पण वास गेला याचा अर्थ क्लोरीन संपला. विहिरीचं पाणी रोज नवं येतं, घाण रोज नवी येते, औषध मात्र परवाचं. इंग्लंडात मेडस्टोन गावी १८९७ मध्ये विषमज्वराची साथ आली, तेव्हा ब्लीचिंग पावडरीनं नळांचं जाळं धुवून काढलं गेलं. ते काम असंच होतं, एकदा करून थांबण्याचं. सततच्या कामाचं ठळक उदाहरण १९०५ सालचं, लिंकन शहरातलं. तिथेही विषमज्वरच होता. डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन आणि त्यांचे सहकारी मॅकगॉवन यांनी सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण पाण्यात अखंड सोडायला सुरुवात केली.

आता गंमत बघा. ब्लीचिंग पावडर काही १९०५ ची नव्हे. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, कापड पांढरं करण्यासाठी. म्हणजे रसायन हाताशी असूनही शंभर वर्षं ते पिण्याच्या पाण्यात नियमानं पडलं नाही. याचं पहिलं कारण सगळे सांगतात, की रोग जंतूंनी होतो हे पटायला वेळ लागला. पाण्यात रसायन घालायला लोकांचा विरोध होता, हे दुसरं. दोन्ही खरी. पण आमच्या मते तिसरं एक कारण आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. थोडंसं, अगदी थोडंसं औषध, रात्रंदिवस, एकसारखं कसं सोडायचं हेच कुणाला धड जमत नव्हतं. जास्त पडलं तर लोक पाणी थुंकतात. कमी पडलं तर पाणी दिसायला तसंच आणि जंतूही तसेच.

आपल्याकडचा एक धागा इथे सांगून ठेवतो. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी व्हिन्सेंट नेसफील्ड यांनी १९०३ मध्येच पिण्याचं पाणी क्लोरीननं निर्जंतुक करण्याची पद्धत छापून मांडली होती. वायू दाबून द्रवरूपात साठवावा आणि लागेल तसा वापरावा, ही कल्पनाही त्यात होती. कल्पना काळाच्या पुढे होती, पण रोजच्या वापरात यायला तिला बराच वेळ लागला.

आता बूंटन. न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटी शहराला एका खासगी कंपनीनं पाणी पुरवायचा करार केला होता. रॉकअवे नदीवर बूंटनला धरण बांधलं, तेवीस मैलांची जलवाहिनी टाकली. शहर म्हणालं, नदीच्या वरच्या अंगाला गावं आहेत, त्यांची घाण पाण्यात येते, करारात शुद्ध पाणी ठरलं होतं, आम्ही पूर्ण पैसे देणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाचं म्हणणं पडलं, की वरच्या गावांसाठी गटारं बांधा, नाहीतर पाणी शुद्ध राहील असा दुसरा काही उपाय दाखवा. गटारं म्हणजे मोठा खर्च. कंपनीचे आरोग्य सल्लागार होते डॉ. जॉन लील. त्यांच्या वडिलांनाही, तेही डॉक्टरच होते, अमेरिकेतल्या यादवी युद्धात पोटाचा आजार जडला होता आणि वर्षानुवर्षं झिजून ते त्यातच गेले. लील यांनी ठरवलं, उपाय म्हणजे क्लोरीन.

त्यांनी जॉर्ज वॉरन फुलर या अभियंत्याला गाठलं. ९९ दिवसांत यंत्रणा उभी राहिली आणि २६ सप्टेंबर १९०८ ला सुरू झाली. रोजचं पाणी सुमारे चार कोटी अमेरिकन गॅलन, म्हणजे आपल्या हिशोबानं १५ कोटी लिटर. आणि क्लोरीन? लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. आधी शहराला विचारलं नव्हतं, कोर्टालाही नाही. आजच्या दृष्टीनं हे धक्कादायक आहे आणि तेव्हाही होतं. लोकांच्या पोटात जाणारं पाणी बदलायचं आणि नंतर सांगायचं, याचं समर्थन आम्ही करणार नाही, परिणाम चांगला झाला तरीही.

पण यंत्रणा बघण्यासारखी होती, कारण तिच्यात यंत्र असं जवळजवळ नव्हतंच. ब्लीचिंग पावडर टाक्यांत कालवायची, पातळ द्रावण करायचं, ते एका लहान पेटीत आणायचं आणि पेटीच्या ठरावीक भोकातून वजनानं पाण्यात सोडायचं. सगळी किमया त्या पेटीत. घरच्या अनुभवावरून सांगतो. पिंपाला खाली तोटी लावा आणि किंचित उघडी ठेवा. पिंप भरलेलं असताना धार जोरात येते, पिंप रिकामं होत जातं तशी मंदावते. पाण्याची उंची चौथाईवर आली की धार निम्मी होते. हा टॉरिचेलीचा नियम, सतराव्या शतकातला. म्हणजे पिंपाला तोटी लावून औषध सोडलं, तर सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी पडणार. उपाय असा, की मोठ्या पिंपाखाली छोटी पेटी ठेवायची आणि पेटीत तरंगता गोळा बसवायचा. आपल्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तोच. पेटीतली पातळी कायम राहते, म्हणून भोकातली धारही कायम राहते. मग पिंप भरलेलं असो की तळाला गेलेलं असो.

फुलर यांना हे अचानक सुचलं नव्हतं. १९०२ मध्ये लिटल फॉल्सच्या गाळणी केंद्राचा आराखडा त्यांनीच केला होता. तिथे पाणी निवळायला तुरटीच्या जातीचं रसायन मोजून सोडावं लागे. तुरटीसाठी सरावलेला हात क्लोरीनसाठी चालला, एवढंच. मोठे शोध पुष्कळदा असे शेजारच्या कामातून येतात.

खटल्यात शहराच्या वकिलांनी लील यांना घेरलं. हे पाणी तुम्ही स्वतः पिता का, घरी बायकोमुलांना द्याल का, असं विचारलं. लील यांनी दोन्हीला ठाम होकार दिला. १९१० मध्ये कोर्टाकडून निर्णय आला, कंपनीचा उपाय मान्य झाला, आणि मग एकेक शहर या वाटेला लागलं. विषमज्वराचे आकडे पुढच्या काही दशकांत कोसळले. त्यात गाळणी केंद्रांचा, दूध तापवून विकण्याचा, गटारांचाही वाटा आहे. सगळं श्रेय क्लोरीनच्या पदरात टाकू नये.

यानंतर रस्त्याला दोन फाटे फुटले. एक मोठ्यांचा. चार्ल्स वॉलेस आणि मार्टिन टिअर्नन या दोघांनी १९१३ मध्ये क्लोरीन वायू मोजून सोडणारं यंत्र बसवलं, तेही बूंटनच्याच पाण्यासाठी. नळकांड्यातला वायू, काचेतून दिसणारं मोजमाप, गाळ नाही, कालवाकालव नाही. शहरांनी ते उचललं. पण वायूची गळती जीव घेते. प्रशिक्षित माणूस नसेल तिथे हे यंत्र ठेवता येत नाही. दुसरा फाटा लहानांचा: गावची विहीर, शाळेची टाकी, पोहण्याचा तलाव. तलावांची सुरुवातही याच सुमाराची. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या तलावात १९१० मध्ये जॉन बंकर या विद्यार्थ्यानं क्लोरीनचे प्रयोग केले. तलावाचं पाणी तर नळाच्या पाण्याहून अवघड. ते वाहून जात नाही, तेच तेच फिरत राहतं. ऊन क्लोरीन खातं, माणसांचा घाम क्लोरीन खातो. आणि पोरं पाण्यात आणखी काय काय करतात ते इथे सांगायला नको.

लहानांच्या फाट्यावरचं आम्हाला सगळ्यात आवडणारं काम आपल्याकडचं आहे. नागपूरला १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ पासून तिला आपण नीरी म्हणून ओळखतो. त्यांच्यासमोर प्रश्न होता विहिरीचा. वीज नाही, पंप नाही, रोज लक्ष द्यायला माणूस नाही. उपाय म्हणून मडकं आलं. मडक्याच्या बुडाला भोकं पाडायची, आत ब्लीचिंग पावडर आणि दुप्पट जाडी वाळू मिसळून भरायची, दोरीनं पाण्यात सोडायचं. पावडर वाळूच्या आड असल्यामुळे एकदम विरघळत नाही, हळूहळू झिरपते. सार्वजनिक विहिरीला हे चाललं. घरगुती विहिरीत मात्र क्लोरीन फार होऊ लागला, कारण उपसा कमी. मग दुहेरी मडकं केलं, एकात एक. आतल्या मडक्यात १ किलो पावडर आणि २ किलो वाळू, त्याच्या गळ्याजवळ १ सेंटिमीटरचं भोक, बाहेरच्या मडक्याला बुडापासून ४ सेंटिमीटर वर भोक. म्हणजे क्लोरीनला बाहेर यायला आतून वर चढून, मग मधल्या फटीतून खाली उतरून यावं लागतं. वाट लांबली, म्हणून वेग मंदावला. साधारण साडेचार हजार लिटरच्या विहिरीला, रोज चारशे लिटरच्या आसपास उपसा असेल तर, ही जोडी दोन-तीन आठवडे पुरते. हलणारा एकही भाग नाही आणि कुंभाराला समजेल असा आराखडा. कमी खर्चाचं स्वयंचलित यंत्र म्हणतात ते हेच.

मग तेच मडकं तलावात का सोडू नये? विचार चांगला आहे, पण ब्लीचिंग पावडरीत चुना असतो. विहिरीत तो तळाला बसतो. तलावात पाणी गढूळ करतो, फिल्टरमध्ये आणि पाइपात थर धरतो. तलावात जी तरंगती डबी दिसते, आत पांढऱ्या गोळ्या असलेली, ती या मडक्याची चुलतबहीणच. त्या गोळ्यांमध्ये क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. थोडं असलं तर फायद्याचं. पण क्लोरीन संपतो, हे संपत नाही. महिनोन्‌महिने साठत जातं आणि क्लोरीनचे हात बांधून टाकतं. चाचणीत क्लोरीन दिसतो, पण जंतू मारायला वेळ लावतो. म्हणून आमचा कल द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटकडे, दुकानात ज्याला हायपो किंवा लिक्विड क्लोरीन म्हणतात.

हिशोब मांडू. तलाव ५० घनमीटरचा, म्हणजे ५० हजार लिटर. रोज लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो असं धरा. रोज हवेत १०० ग्रॅम. ताजं हायपो १० टक्क्यांचं असेल, लिटरमध्ये १०० ग्रॅम, तर रोज १ लिटर. फिल्टर ८ तास चालतो, म्हणजे तासाला १२५ मिलिलिटर, मिनिटाला जेमतेम २ मिलिलिटर. सलाइनच्या साध्या नळीतून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तेव्हा मिनिटाला ४० थेंब. बूंटनच्या १५ कोटी लिटरांपासून आपण चाळीस थेंबांवर आलो. अडचण मात्र तीच राहिली: चाळीसाचे उद्या तीस होऊ नयेत.

एक मार्ग बिनविजेचा. मारियोत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची सतराव्या शतकातली बाटली. घट्ट बुचाची बाटली, बुचातून एक नळी आत बुडापर्यंत उतरलेली, हवा त्याच नळीनं येते. बाटलीतली पातळी कितीही उतरो, धार त्या नळीच्या टोकाच्या उंचीवर ठरते, म्हणून एकसारखी राहते. बॉलकॉकही लागत नाही. सुंदर युक्ती आहे, खर्च नगण्य. पण हायपोतून क्षार सुटून बारीक भोक चोंदतं. शिवाय फिल्टर बंद पडला तरी थेंब पडतच राहतात. हा दुसरा दोष गंभीर आहे, त्याकडे येतोच.

दुसरा मार्ग रोलरवाला पंप. मऊ नळी, तिच्यावरून फिरणारे रोळ, नळी दाबत दाबत द्रव पुढे ढकलायचा. डायालिसिसच्या यंत्रात रक्त फिरवणारा पंप याच जातीचा. रसायन फक्त नळीला लागतं, धातूला लागत नाही. त्याला एक टायमर जोडला की झालं. नळी झिजते आणि ठरावीक काळानं बदलावी लागते. तिची किंमत सुरुवातीच्या खर्चात कुणी धरत नाही आणि नंतर हळहळतं.

आता तो गंभीर दोष. १९०८ च्या यंत्रणेत नदीचं पाणी वाहतच होतं. घरच्या तलावात वीज जाते, फिल्टरचा पंप ट्रिप होतो, पंप हवा ओढतो. अशा वेळी क्लोरीनचा पंप चालूच राहिला तर साचलेल्या पाइपात हायपो गोळा होत जातं. त्याच पाइपात सामू कमी करायला ॲसिडही सोडलं जात असेल, तर दोन्ही भेटतात आणि क्लोरीन वायू तयार होतो. पंप पुन्हा सुरू झाला की तो सगळा एकदम पोहणाऱ्यांच्या तोंडाशी. कॅलिफोर्नियात काँट्रा कोस्टा भागातल्या एका तलावात २०१५ मध्ये पाणी फिरवणारा पंप बिघडल्यावर असाच वायू सुटला आणि अनेकांना त्रास झाला. म्हणून क्लोरीनच्या पंपाची वीज फिल्टरच्या पंपाच्या मागूनच घ्यायची, आणि तेवढ्यावर न थांबता पाइपात पाणी खरंच वाहतंय का हे पाहणारा फ्लो स्विच मध्ये घालायचा. मोटर फिरते म्हणजे पाणी वाहतं असं नाही. हायपो सोडायची जागा फिल्टरच्या पुढे, सगळ्यात शेवटी, उलट न येणाऱ्या व्हॉल्व्हसह. आणि ॲसिडचा कॅन त्या खोलीत नकोच. पैसे वाचवायचे असतील तर घड्याळात, डब्यात, रंगात वाचवा. फ्लो स्विचमध्ये वाचवू नका.

कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की हे यंत्र आंधळं नाही का? आहे. फुलरची पेटी आंधळी होती, नागपूरचं मडकंही. पाण्यात किती क्लोरीन उरला हे त्यांना कळत नाही, ठरलेलं तेवढं सोडतात. डोळा नंतर आला. ऑर्थोटोलिडीनचा पिवळा रंग, ज्याला आपल्या जिल्हा परिषदेतली मंडळी अजून ओटी टेस्ट म्हणतात. मग १९५७ मध्ये आर्थर पेलिन यांची गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी. आणि १९६८ च्या सुमारास जर्मनीत कार्लसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पाण्याचा ऑक्सिडीकरणाचा जोर विजेच्या दाबात मोजला तर जंतू किती वेगानं मरतील याचा चांगला अंदाज येतो. ६५० मिलिव्होल्टचा आकडा तिथून रूढ झाला. आता असा प्रोब लावून पंप आपोआप चालू-बंद करता येतो. यंत्राला डोळा मिळाला.

तरी घरच्या तलावासाठी स्वस्तातला प्रोब आम्ही सुचवणार नाही. त्याचं टोक मळतं, महिन्या-दोन महिन्यांनी तपासून घ्यावं लागतं, सायन्युरिक ॲसिडनं त्याचा आकडा खाली येतो. मळलेला प्रोब क्लोरीन कमी आहे असं सांगत राहतो आणि पंप ओतत राहतो. आपण आंधळे आहोत हे आंधळ्या यंत्राला निदान ठाऊक असतं. त्यापेक्षा ठरावीक मात्रा, आणि तलावात उतरायच्या आधी डीपीडीची एक चाचणी. क्लोरीन आणि सामू दोन्ही बघा, कारण सामू ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग कामाचा असतो, ८ ला जेमतेम चौथाई. हायपो उन्हाळ्यात ताकद गमावतं, म्हणून कॅन सावलीत, आणि मे महिन्यात मात्रा थोडी वाढवलेली.

राहता राहिला कॅन. दुकानदार ५० लिटरचा देतो, स्वस्त पडतो म्हणून. तो पंपाला थेट जोडू नका. दोन लिटरची वेगळी छोटी टाकी ठेवा, तिच्यातून पंपानं ओढावं. शेजारचा माणूस किंवा माळी एक दिवसाआड ती भरेल. टायमर अडकला, रिले चिकटला आणि सगळं हायपो एका रात्रीत तलावात गेलं, तरी ते २०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ५० हजार लिटरमध्ये लिटरला ४ मिलिग्रॅम. सकाळी चाचणीत दिसेल, एखादा दिवस पोहणं पुढे ढकलावं लागेल. ५० लिटर गेले असते तर १०० मिलिग्रॅम.